शेणाचा गोळा आन् पाच प्रश्न

एका जंगलात रोज शेण पडायचं.

पोरांनो, नाक दाबू नका. जंगल म्हणलं की तुमाला वाघ पाहिजे, मोर पाहिजे, चांदणं पाहिजे. पण जिथं खाणारी तोंडं हायत तिथं शेण पडणारच. वाघाच्या गोष्टी सांगणारं लई झालं. मी शेणाची सांगतो. ऐकायची तर गप बसून ऐका, न्हाईतर उठा आन् घरी जावा.

तर त्या जंगलात गव्यांचा मोठा कळप हुता. दिसभर चरायचं, सकाळच्याला पाणवठ्यावर यायचं, पाणी प्यायचं आन् तिथंच मोकळं व्हायचं. मोकळं झालं की पुढं चालायचं. मागं वळून बघायची त्यांच्यात रीत न्हवती. मोठ्या जनावरांत ती नसतीच.

मागं बघायला शेणकिडं हुतं.

शेणकिडा बघितलाय का कुणी? बोटाच्या पेराएवढा, काळा कुळकुळीत, सहा पायांचा. ताज्या शेणातनं लिंबाएवढा गोळा कापतो. मग डोकं खाली, बूड वर, आन् मागच्या पायानं गोळा ढकलत उलटा चालतो. जिकडं जायचं तिकडं त्याची पाठ. मग वाट कशी सापडती? तर मधनंच त्यो गोळ्यावर चढतो, एक गिरकी घेतो, दिस कुठं हाय ते बघतो, आन् उतरून परत ढकलाय लागतो. रेघ मारल्यागत सरळ. वाटंत दगड आला तर दगडावरनं.

हसू नका. तुमच्यातल्या किती जणांना सरळ चालता येतं ते मला ठावं हाय.

त्यातला एक शेणकिडा गेनबा. त्याची बायको ठकूबाई. गेनबा गोळा आणायचा, ठकूबाई बीळ खणायची. गोळा बिळात उतरवला की ती त्यात एक अंडं घालायची आन् वरनं माती लोटायची. आतलं पोर त्यो गोळा खातच मोठं व्हायचं. एका गोळ्याला एक पोर. गोळा न्हाई तर पोर न्हाई.

ह्याला मुदत हुती. वळीव पडून माती मऊ झाली की पंधरा दिस. त्याच्या आधी जमीन दगडागत, आन् त्याच्या मागनं झड लागली की बिळं पाण्यानं भरत्यात. शेण बी ताजंच लागतं. ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर ऊन आलं की शेणावर साल धरती, मग गोळा वळत न्हाई, फुटतो. एवढ्यात दोघांनी मिळून सहा गोळं पुरायचं, हा दरसालचा नेम. सहातली चार पोरं जगायची. कधी तीन.

गेनबाला कुणी इच्यारलं असतं, बाबा कसं चाललंय, तर त्यो म्हणला असता, चाललंय. पण कुणी इच्यारत न्हवतं. तेच बरं चाललं हुतं.

मग त्या साली वानर परत आलं.

हे वानर दोन वर्सं जंगलात न्हवतं. जंगलाच्या कडंला कुंपणातलं एक मोठं घर हुतं. तिथं शहरातली माणसं सुट्टीला यायची, गोल करून बसायची, डोळं मिटायची, एकमेकांना प्रश्न इच्यारायची, रडायची, आन् घंटा वाजली की जेवायला जायची. वानर खिडकीच्या काचंला नाक लावून दोन वर्सं हे बघत बसलं. खिडकीतनं त्याला बसलेली माणसं दिसायची. मागल्या दाराला खरकटी भांडी घासणारी बाई दिसायची न्हाई, कारण त्या अंगाला खिडकी न्हवती.

झालं, तेवढ्यावर वानर गुर्जी झालं.

पाणवठ्यावर उंबराचं झाड हुतं. गुर्जी त्याच्या मधल्या फांदीवर बसलं, शेपूट खाली सोडली आन् सांगितलं की इथं शिबिर हाय. ज्याला चांगलं जगणं म्हंजे काय ते हुडकायचंय त्यानं यावं. मी उत्तर देणार न्हाई. मी फक्त पाच प्रश्न विचारणार. उत्तर तुमच्याच आत आहे.

प्रश्न पाच, पण शब्द एकच. का?

जो काय सांगंल त्याला इच्यारायचं, का? त्यानं कारण सांगितलं की परत, का? असं पाचदा. मग गप बसायचं आन् समोरच्याकडं कनवाळू नजरेनं बघायचं. आता आमच्या आळीत दोन वर्सांचं पोरगं हाय, ते सकाळधरनं हेच करतं. त्याची आय त्याला धपाटा घालती. त्याला कुणी गुर्जी म्हणत न्हाई, कारण त्याला कनवाळू नजर जमत न्हाई.

शिबिराला पयल्यांदा आला थोरला गवा. कळपाचा म्होरक्या. त्याला समदी जनावरं थोरलं सरकार म्हणायची. गुर्जींनी त्याला एकच प्रश्न इच्यारला, सरकार, तुम्ही समाधानी आहात का? सरकारनं रवंथ करत करत इच्यार केला आन् म्हणलं, हाय. गुर्जी म्हणलं, वा, फार थोड्यांना हे जमतं. सरकार खुश झालं. त्या दिसापासनं उंबराच्या बुडातली सावलीची जागा शिबिराला मिळाली.

मग काय, रांगच लागली. मोर आला, पाच का झाल्यावर हमसून हमसून रडला आन् पिसारा तसाच घेऊन गेला. सांबर आला. त्याला इच्यारलं, तू का पळतोस? वाघ मागं लागतो म्हणून. का? त्येला भूक लागती म्हणून. असं करत करत पाचव्या 'का'ला गुर्जी म्हणलं, मग ही भूक त्याची आहे आणि धावतोस तू. ही भीती खरंच तुझी आहे का? सांबराला ते लई पटलं. दुसऱ्या दिवशी त्यो कुरणात उभा राहून भीती नक्की कुणाची ते बघत बसला. वाघानं त्याला तिथंच खाल्ला.

गुर्जी म्हणलं, त्याची भीती गेली.

वाघाला मात्र कुणी काय इच्यारलं न्हाई. त्याला शिबिराला यायला वेळ न्हवता.

आता हे समदं ज्याच्या डोक्यावर चाललं हुतं त्यो गेनबा. मुदतीचा पयला दिस हुता. गेनबानं गोळा कापला हुता आन् उंबराखालनं चालला हुता. त्याची वाटच ती. मधी गोळ्यावर चढून दिस बघत हुता, तेवढ्यात वरनं गुर्जींची शेपूट आडवी आली.

"थांब. वर चढून काय शोधतोस?"

"घरची वाट," गेनबा म्हणला.

सभेतली चार जनावरं हसली. गुर्जींनी हात वर केला. त्यांना बराच येळ असा कुणी पाहिजेच हुता. गव्यांसारख्या मोठ्या जनावरांना पाच प्रश्न इच्यारायची सोय न्हवती, तिसऱ्याला त्यांची शिंगं खाली यायची. हा बारका हुता. आन् सरळ उत्तर देत हुता.

"गोळा का ढकलतोस?"

"बिळात न्यायला."

"बिळात का?"

"आमची कारभारीण त्यात अंडं घालती."

"अंडं का?"

"पोर हुतं."

"पोर का?"

"मोठं हुतं की."

"मोठं का व्हायचं?"

गेनबानं तोंड उघडलं आन् उत्तर बाहेर आलं ते त्याचं त्यालाच नवं हुतं. "गोळा ढकलायला."

गुर्जींनी डोळं अर्धं मिटलं. मग अगदी हळू म्हणलं, "म्हणजे तू गोळा ढकलतोस, कशासाठी, तर उद्या कुणीतरी गोळा ढकलावा म्हणून. बाबा रे, मग ह्यात तू कुठे आहेस? तुला स्वतःला काय हवंय?"

पोरांनो, गेनबा अडाणी हुता, पण बिनडोक न्हवता. बिनडोक असता तर सुटला असता. त्यो प्रश्न त्याच्या डोक्यात जाऊन बसला. त्याचा बाप गोळा ढकलता ढकलता गेला. बापाचा बाप बी. कुणी काय मिळवलं? आपल्याला कुणी इच्यारलं हुतं का? गेनबा गोळ्यावरनं उतरला आन् बाजूच्या दगडावर बसला. ऊन ऐनाच्या शेंड्यावर आलं, मग खाली उतरलं. गोळ्यावर साल धरली. मग भेग पडली. मग त्याचं दोन तुकडं झालं.

"आज आपल्यातला एक जागा झाला," गुर्जी म्हणलं. तेवढं बोलून ते वरच्या फांदीवर गेलं, आन् जाता जाता वरनं जे पडायचं ते गेनबाच्या शेजारी पडलं. त्याकडं कुणी बघितलं न्हाई. गुर्जींचं हुतं.

घरी ठकूबाई बिळाच्या तोंडाशी बसली हुती. कोपरापतुर माती. पोट अंड्यांनी तटतटलेलं. गेनबा रिकामा आलेला बघून तिनं आधी त्याचं समदं पाय मोजलं. सहाच्या सहा जाग्यावर हुतं. मग इच्यारलं, गोळा कुठाय.

गेनबानं समदं सांगितलं. पाच का, बाप, बापाचा बाप. शेवटी म्हणला, मला काय पाहिजे ते मला आधी हुडकलं पाहिजे.

ठकूबाई म्हणली, "तुमाला काय पाहिजे ते मला ठावं हाय की. मला इच्यारायचं."

"तसं नसतं ते. ते आपलं आपणच हुडकायचं असतं."

"मग हुडका. पण चौदा दिस ऱ्हायल्यात. हुडकता हुडकता एखादा गोळा घेऊन येत जावा."

गेनबाला वाटलं, हिला कळत न्हाई. शिबिराला गेलेल्या गड्याला घरच्या बाईविषयी हे वाटतंच, त्यात नवीन काय न्हाई. दुसऱ्या दिसापासनं त्यो सकाळी उठून दगडावर जायाचा आन् खोल इच्यार करायचा. आयुष्यभर गोळा घेऊन खोल बिळात जायचंच त्याचं काम हुतं, पण ते पायानं. आता ते बसून करायचं म्हणल्यावर त्याला लई अवघड जायला लागलं.

त्याला बघून दुसरा शेणकिडा बसला. मग तिसरा. आमच्यात बी हेच हाय, एकानं घराला निळा रंग दिला की गाव निळं हुतं. चार दिसांत जंगलातलं समदं शेणकिडं आपापल्या दगडावर बसलं हुतं आन् आपल्याला काय पाहिजे ते हुडकत हुतं. गुर्जींनी वरनं ती रांग बघितली आन् त्यांचं डोळं भरून आलं.

ठकूबाईनं मग एकटीनं करून बघितलं. पण ते काम दोघांचं हाय. एकटीनं गोळा आणूस्तवर इकडं बीळ ढासळायचं. बीळ नीट करूस्तवर तिकडं गोळा वाळायचा. तिनं पाच दिसांत पाच गोळं आणलं आन् पाची फुटलं. पाचव्या गोळ्याच्या तुकड्यांपाशी ती जरा येळ बसली. मग उठून परत बीळ खणाय लागली. तिच्या आत काय चाललंय ते तिला कुणी इच्यारलं न्हाई.

आन् शेण पडतच हुतं.

गव्यांनी तत्त्वज्ञान ऐकलं म्हणून त्यांचं पोट काय थांबलं न्हवतं. उलट सावलीत बसून ऐकल्यानं भूक जास्तच लागायची. शंभर गव्यांचं शेण, रोजचं. पयल्या दोन दिसांत पाणवठ्याचा काठ भरला. पाचव्या दिवशी वाट भरली. शेणाखाली गवत पिवळं पडलं, मग काळं पडलं. माशा झाल्या. माशा म्हंजे एवढ्या की गव्याच्या डोळ्यात पांढरं दिसायचं बंद झालं. पाणी हिरवं झालं आन् त्याला फेस आला. हरणं घसरून पडाय लागली. मोराचा पिसारा बरबटला आन् त्यो परत रडला, ह्या बारीला पाच प्रश्नांची गरज न लागता.

गुर्जी म्हणलं, हे बाहेरचं आहे. आत बघा.

जनावरांनी आत बघितलं. आत बी वास येत हुता.

अकराव्या दिवशी वारा फिरला आन् वास उंबराच्या शेंड्यापतुर गेला. मग मात्र गुर्जींनी जाहीर केलं की परिस्थिती गंभीर आहे. बघा पोरांनो, खाली धा दिस जे नुसतं बाहेरचं हुतं, ते फांदीवर पोचल्याबरोबर गंभीर झालं.

सभा बोलवायला चार दिस गेलं, कारण आधी सभा कुठं घ्यायची ह्याच्यावर सभा झाली. शेवटी मुदतीच्या पंधराव्या दिवशी, सकाळच्याला, उंबराखाली समदी जमली. सूर्य अजून ऐनाच्या खाली हुता. आभाळाच्या कडंला काळं दिसत हुतं. उद्या झड लागणार हे मुंगीला सुद्धा कळलं हुतं.

थोरलं सरकार उठलं आन् बोललं की आमी धा दिस बघतोय, हे शेणकिडं माजल्यात. खायला आमचं लागतं आन् काम म्हणलं की अंग दुखतं. आमचे वाडवडील ह्यांच्या वाडवडलांना शेण देत आलं, कधी काय मागितलं न्हाई. आता ह्यांना ते बी उचलायला जड झालंय. गेनबाला म्होरं आणा.

गेनबाला म्होरं आणलं. पंधरा दिसांत त्याच्या पोटात नीट काय गेलं न्हवतं. पाठीची चकाकी उतरली हुती. सरकारनं त्याला आज्ञा केली, की जाऊन गोळा ढकल.

गेनबा म्हणला, "ढकलतो. पण मला पंधरा दिसात उत्तर गावलं न्हाई. माझी अक्कल बारकी. तुमी मोठी. मी गुर्जींचा प्रश्न तुमाला इच्यारतो, तुमी उत्तर द्या. ते ऐकून मी जातो."

ह्यात काय खोट न्हवती. त्याला खरंच वाटत हुतं की मोठ्यांना ठावं असंल. आमच्या लोकांची ही जुनी चूक हाय. आमी मोठ्याकडं उत्तर मागाय जातो.

सरकार हसलं. म्हणलं, इच्यार.

"सरकार, तुमी का चरता?"

"पोट भरायला."

"पोट का भरायचं?"

"अंगात जोर येतो."

"जोर कशाला?"

"कळप राखायला."

"कळप का राखायचा?"

सरकारला घाम आला, पण चारचौघांत थांबता येईना. "नव्या कुरणात न्यायला."

"कुरणात का?"

सरकारनं तोंड उघडलं. मग मिटलं. मग जे बाहेर आलं ते हेच की, "चरायला."

गेनबा खाली मान घालून त्याचा त्याचा इच्यार करत हुता. करता करता मोठ्यांदा बोलला, "म्हंजे चरायचं कशाला, तर चरायला. तुमचं बी माझ्यासारखंच गोल हाय की सरकार. पण माझ्या गोलातनं शेवटाला पोर निघतं. तुमच्यातनं काय निघतं?"

समद्या जनावरांनी एकदमच सरकारच्या मागं बघितलं.

आन् भ्यालेल्या जनावराचं जे हुतं ते सरकारचं झालं. धप्पकन्. ताजं, वाफाळलेलं, भरघोस.

एक सशाचं पिल्लू हसलं. त्याच्या आयनं त्याचं तोंड दाबलं.

सरकारनं खुरानं माती उकरली आन् वर बघून म्हणलं, गुर्जी, हे तुमच्या शिबिरात बसतं का?

गुर्जी फांदीला घट्ट धरून बसलं हुतं. ते म्हणलं, अजिबात बसत नाही. आत्मपरीक्षण हे स्वतःचं करायचं असतं. दुसऱ्याचं करणं ही हिंसा आहे.

"मग माझं तुमी कसं केलं?" गेनबानं इच्यारलं.

"करुणेपोटी."

"का?"

"तू जागा व्हावास म्हणून."

"जागा हुऊन काय करायचं?"

"नीट जगायचं."

"नीट म्हंजे कसं?"

गुर्जींनी डोळं मिटलं. लई येळ गप राहिलं. इतका येळ, की सभेला वाटलं गुर्जी खोल गेलं. खोलबिल काय न्हाई. त्या घराच्या खिडकीतनं त्यांना फक्त प्रश्न ऐकू आलं हुतं. उत्तराच्या आधीच दरवेळी जेवणाची घंटा वाजायची.

मग सभेनं ठराव केला. प्रश्न ही लई चांगली गोष्ट हाय, पण ती पाण्यागत वरनं खाली जावी. ज्याचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्याखाली असंल, त्यानं फक्त उत्तर द्यावं. खालनं वर आलेल्या प्रश्नाला प्रश्न म्हणू नये, उर्मटपणा म्हणावं. समद्यांनी माना हालवल्या. ससा बी हालवत हुता. त्याच्या गुडघ्याखाली कोण राहतं ते काय त्याला सापडलं न्हाई, पण त्यानं हालवली.

सभा मोडली. सरकार जायला निघालं आन् त्यांचा पाय गेनबावर पडला.

चुकून पडला, म्हणलं. मोठ्यांचा पाय चुकूनच पडतो. माती मऊ हुती म्हणून गेनबा आत दबला आन् वाचला. पण मागचा डावा पाय गेला. ज्या पायानं गोळा ढकलतात त्यातला एक.

समदी गेली. गेनबा मातीत उताणा पडला हुता. उताणा शेणकिडा आपला आपण सरळ हुत न्हाई. वर आभाळ, त्यात ढग, आन् फांदीवर गुर्जी. गुर्जींनी खाली बघितलं आन् इच्यारलं, तुझ्या आत आता काय येतंय?

तेवढ्यात गेनबाच्या कानाला ओळखीची सरसर आली.

ठकूबाई. डोकं खाली, बूड वर, उलटी चालत. सरकारचं ते भ्यालेलं ताजं शेण पडल्या पडल्या तिनं त्यातनं गोळा कापला हुता. सभेतल्या शंभर पायांच्या मधनं तिनं त्यो आणला हुता, आन् सभा काय बोलत हुती ते तिला ठावं न्हवतं, कारण ती ऐनाच्या शेंड्याकडं बघत हुती. ऊन यायला थोडं ऱ्हायलं हुतं. बीळ तिनं सकाळीच खणलं हुतं. ते जास्त येळ टिकणार न्हवतं.

गोळा गेनबाच्या अंगाला येऊन टेकला. ठकूबाई थांबली. उताणा नवरा बघितला. पाय मोजलं. पाच.

"ढकलताय, का बाजूला सरकताय?" ती म्हणली.

पोरांनो, ह्यो प्रश्न गुर्जींच्या पाचात न्हवता. ह्याला उत्तर हुतं.

तिनं डोक्यानं धक्का दिला, गेनबा सरळ झाला. ती बिळाकडं पळाली. गेनबानं पाच पायावर गोळा धरला. आधी गोळा डावीकडं गेला, कारण डावा पाय न्हवता. मग त्यो गोळ्यावर चढला, गिरकी घेतली, दिस बघितला, उतरला, आन् अंग वाकडं करून गोळा सरळ ढकलला. ते कसं जमतं ते मला इच्यारू नका. एका पायानं अधू माणूस बघा, त्यो सायकल कशी चालवतो. तसं.

ऊन ऐनाच्या शेंड्याला लागलं तवा गोळा बिळात उतरला हुता. ठकूबाईनं अंडं घातलं. माती लोटली. पोटात उरलेली पाच अंडी घालायला जागा न्हवती, दिस बी न्हवता. दुसऱ्या दिवशी झड लागली.

दरसाल सहा. त्या साली एक.

बाकीच्या शेणकिड्यांना त्यांच्या त्यांच्या घरनं बोलावणं आलं. कुणाला गोडीनं, कुणाला कानाला धरून. ते दगडावरनं उठलं आन् शेणाला लागलं. पोरांची मुदत गेली हुती, पण स्वतःच्या पोटाला शेण लागतंच. महिन्याभरात वाट मोकळी झाली. माशा गेल्या. पाणी निवळलं.

आन् गुर्जी?

गुर्जी बरं हायत. त्यांनी शिबिर वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेलं. तिथं ते आता गेनबाचीच गोष्ट सांगत्यात. एक साधा शेणकिडा प्रश्नांच्या वाटेनं कसा गेला, त्याला कामातच आनंद कसा सापडला, पाय गेला पण दृष्टी आली. ऐकताना थोरल्या सरकारच्या डोळ्यात दरवेळी पाणी येतं. सरकारनं वर्साचा एक दिस शेणकिड्यांच्या नावानं ठेवलाय. त्या दिवशी समदं गवं उभं राहून मान लववत्यात, आन् शेणकिड्याला शेणयोगी म्हणत्यात. त्या दिवशी बी शेण पडतं. रोजच्यापेक्षा जरा जास्तच, कारण आधी जेवण असतं.

गेनबाला बोलावत्यात. त्यो जात न्हाई, त्याला येळ नसतो. ते एक अंडं जगलं. पोरगी झाली. आयसारखी हाय, बोलती कमी.

गेनबा अजून बी गोळ्यावर चढला की एखादी घटका जास्त थांबतो. का, असं त्याच्या मनात येतं. ते गेलेलं न्हाई, खोटं कशाला बोलू. मग त्याला दिस दिसतो, आन् लांब बिळाच्या तोंडाशी ठकूबाई दिसती, आन् त्यो उतरतो.

तात्पर्य: चांगलं जगणं म्हंजे काय, ह्यो प्रश्न ज्यानं त्यानं स्वतःला जरूर इच्यारावा. खोल इच्यारावा, डोळं मिटून इच्यारावा. फक्त डोळं मिटायच्या आधी, आपल्या मागचं शेण उचलायला कुणी हाय का तेवढं बघून घ्यावं. आन् त्याला शिबिराला बोलवू नये.